वाघाच्या मावशीचे वैरी

विदर्भाच्या पश्चिम सीमेवर वसलेल्या बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात: एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्यातून आडवी गेली आहे. तिच्या माथ्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे आहेत. पायथ्याशी मोताळा, मलकापूर, खामगाव यांचा पूर्णेच्या खोऱ्यातील काळा, सपाट प्रदेश पसरलेला आहे आणि त्याच्याही पलीकडे, उत्तरेस, सातपुड्याची निळसर भिंत उभी आहे. या डोंगरांच्या कुशीत अद्याप अरण्य टिकून आहे. बुलढाण्याहून खामगावास जाताना बोथ्याच्या घाटात जे दाट रान लागते, ते ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. त्याच वर्षी सातपुड्याच्या बाजूस, संग्रामपूर तालुक्यात, अंबाबरवा अभयारण्य अस्तित्वात आले.

अरण्य आणि गाव यांच्यामध्ये मात्र कोठेही तट नाही. अरण्याच्या काठाला शेत लागते, शेताच्या बांधापाशी गोठा असतो आणि गोठ्याला लागूनच कित्येकदा घर असते. दिवसा ही वाट माणसांची व गुराढोरांची. रात्री तीच रानातील प्राण्यांची होते. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणाच्या हद्दीत जाऊन परतला आणि शेते, नाले, रस्ते ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेच्या रानात येऊन पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता, म्हणून त्याचा मार्ग कळला. पट्टा नसता, तर वाटेतील किती गावांना त्याच्या येण्याजाण्याची वार्ता लागली असती, हे सांगणे कठीण आहे.

वाघाचा असा फेरा विरळाच. परंतु बिबट्या, कोल्हा, तरस, रानमांजर, उदमांजर, मुंगूस हे या भागाचे नित्याचे रहिवासी होत. अंधार पडल्यावर ज्या वाटेने ते गावाकडे येतात, त्याच वाटेने गावातील मांजर शेताकडे निघालेले असते.

मांजर माणसाच्या घरी आले ते आपल्या पायांनी. गाय, बैल, घोडा यांना माणसाने कामासाठी धरून आणले आणि माणसाळविले. मांजराची गोष्ट निराळी आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील लोक शेती करू लागले, धान्य साठवू लागले. धान्याच्या मागोमाग उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग तेथील रानमांजरे आली. माणसाने त्यांना हाकलले नाही, एवढेच काय ते त्याचे कर्तृत्व. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले असून त्यात माणसाच्या शेजारी एक मांजर पुरलेले आहे. त्या बेटावर मूळची रानमांजरे नव्हती. तेव्हा कोणी तरी त्यास नावेत घालून समुद्रापलीकडे नेले असले पाहिजे. इतक्या जुन्या काळीही त्याचा लळा लागला होता, असा याचा अर्थ होतो.

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी आजही मांजराचे काम तेच आहे. ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन यांची पोती घरात रचलेली असतात. कापसाला बरा भाव येईपर्यंत एखादी खोली छतापर्यंत पांढऱ्या कापसाने भरलेली असते. उंदीर धान्य खातो त्याहून अधिक नासतो, पोती कुरतडतो, आणि त्याच्या वासावर नाग घरात येतो. घरात मांजर असले की उंदरांचा सुळसुळाट कमी होतो. उंदीर कमी झाले की साप येण्याचे एक कारणही कमी होते. म्हणून मांजर नाहीसे होणे ही घरातील लेकरांच्या दुःखापुरती गोष्ट राहत नाही. तिचा संबंध धान्याच्या पोत्याशी आणि अंधारात जमिनीवर टाकलेल्या पावलाशीही असतो.

मांजर घरात पोट भरूनही बाहेर का जाते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे शरीरच शिकारीसाठी घडलेले आहे. माणसास दिसण्यास जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या सहाव्या हिश्श्यातही मांजरास दिसते. सांजवेळ आणि पहाट या त्याच्या उद्योगाच्या वेळा होत. दुर्दैवाने बिबट्याच्या व कोल्ह्याच्याही वेळा त्याच आहेत. शिवाय मांजर हे थोडे अंतर अतिवेगाने धावणारे जनावर आहे. लांब पल्ला त्यास झेपत नाही. संकट आले की झेप घ्यावी आणि जवळच्या उंच जागी चढावे, ही त्याची युक्ती. त्याच्या पुढच्या पायांची नखे आकड्यासारखी मागे वळलेली असतात, म्हणून ते झाडावर सरसर चढते. उतरताना मात्र त्याची फजिती होते. तीच नखे उताराला पकड देत नाहीत आणि मग मांजर पाठमोरे, घसरत, केविलवाणे ओरडत खाली येते.

जवळ उंच जागा आहे तोवर ही युक्ती चालते. पावसाळ्यात व हिवाळ्यात शेतात पिके उभी असतात, बांधावर झाडे असतात. माघ-फाल्गुनात पऱ्हाटी उपटली, तूर काढली की तेच रान उजाड होते. अशा मोकळ्या रानात कुत्र्यांच्या टोळीने किंवा कोल्ह्याने गाठलेले मांजर दोनशे पावले धावते आणि थकते. भटकी कुत्री ही वन्य नव्हेत, तरी गावाच्या मांजरांचा सर्वांत मोठा संहार बहुधा त्यांच्याकडूनच होतो.

मांजरास वाघाची मावशी म्हणतात. जुन्या लोककथेप्रमाणे तिने आपल्या भाच्याला दबा धरणे, झेप घेणे, नख लपविणे या साऱ्या विद्या शिकविल्या. परंतु झाडावर चढण्याची विद्या तेवढी हातची राखून ठेवली आणि तीच पुढे तिच्या कामी आली. कथा सुंदर आहे. बिबट्या मात्र ती विद्या कोठून तरी शिकून आला, हे मान्य केले पाहिजे. आपल्या वजनाएवढे भक्ष्य तोंडात धरून तो झाडावर चढतो. गोठ्याची भिंत, परसाचे कुंपण, घराचे धाबे यांपैकी काहीच त्यास अडवीत नाही. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांच्यापासून मांजरास वाचविणारे झाड बिबट्यापुढे निरुपयोगी ठरते.

बिबट्या मांजरे खातो हे खेडुतांस पूर्वीपासून ठाऊक होते; किती खातो, हे मोजण्याचे काम अलीकडे झाले. जुन्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जंगल नसून उसाची शेते व दाट वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या बिबट्यांची विष्ठा गोळा करून तीतील केस तपासण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांचा हा अभ्यास २०१४ साली पुढे आला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आणि १५ टक्के वाटा मांजरांचा निघाला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट आहेत, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच होता. याचे कारण सोपे आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, तर कुत्रे व मांजर उघड्यावर असतात. जे दाराआड आहे ते वाचते, हा या आकड्यांचा सरळ अर्थ होय. बुलढाण्याच्या डोंगरात बिबट्याला रानडुक्कर, भेकर, वानर असे रानचे भक्ष्य मिळते. म्हणून अकोल्याचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु दार बंद असण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात घडलेली एक घटना पुष्कळांनी चित्रफितीत पाहिली. मांजराचा पाठलाग करीत असता बिबट्या आणि मांजर दोघेही एका विहिरीत पडले. विहिरीच्या आत टेकण्यापुरती अरुंद जागा होती आणि तेथे ही दोन जनावरे समोरासमोर आली. एक क्षणभरापूर्वी शिकारी होता, दुसरे शिकार होते. आता दोघेही पाण्यात अडकलेले कैदी होते. बिबट्या गुरगुरत होता, मांजर अंग आक्रसून त्याच्याकडे पाहत होते. तथापि त्याने त्यास खाल्ले नाही. भुकेपेक्षा वर निघण्याची काळजी त्या वेळी मोठी ठरली असावी. वन विभागाच्या लोकांनी पुढे बिबट्यास बाहेर काढून त्याच्या रानात सोडून दिले. २०२३ साली त्याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात असाच प्रकार पुन्हा घडला.

अशा चित्रफिती लोक गंमत म्हणून पाहतात. त्यांतील गंभीर भाग असा की, मांजराचा पाठलाग करणारा बिबट्या मांजर जाईल तेथे जातो. मांजर विहिरीकडे पळाले तर तो विहिरीत पडतो, आणि घराकडे पळाले तर तो घरात शिरतो. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात वऱ्हाडातील लोक अंगणात व धाब्यावर बाजा टाकून निजतात. लेकराच्या पायाशी मांजर वेटोळे करून झोपलेले असते. डोंगरातील नाले त्याच सुमारास आटतात आणि पाण्याच्या शोधात जनावरे वस्तीजवळ येतात. तेव्हा मांजरास रात्री आत घेणे म्हणजे केवळ मांजराची सोय पाहणे नव्हे, याचा विचार डोंगरकाठच्या घरांनी तरी अवश्य केला पाहिजे.

इतर वैऱ्यांविषयी थोडे सांगितले तरी पुरे. कोल्हा धूर्त असला तरी धष्टपुष्ट मांजराच्या वाटेस सहसा एकटा जात नाही. त्यास दुबळे, म्हातारे किंवा आजारी मांजर हवे असते. उत्तर अमेरिकेत कोल्ह्याच्याच कुळातील कोयोट नावाचे जनावर आहे. तेथे हजारो ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, संरक्षित अरण्यात मांजर जवळजवळ आढळतच नाही. घरांच्या परसात ते सुमारे तीनशे पट अधिक दिसते. कोयोट जेथे आहेत तेथून मांजरे दूर राहतात किंवा उरत नाहीत. रानमांजर, ज्यास कोठे कोठे बाऊल म्हणतात, हे घरच्या मांजराचे वैरीही आहे आणि सोयरेही. त्याचे पाय लांब, शेपूट आखूड व टोकाशी काळ्या कड्यांचे असते. हंगामाच्या दिवसांत त्याची पिले शेतात सापडतात आणि बिबट्याची पिले मिळाली अशी आवई उठते. ओढ्याच्या दरडीत राहणारे शृंगी घुबड मुख्यतः उंदरांवर जगते. तरी उघड्यावरचे लहान पिलू ते सोडील असे नाही.

आता रक्षणाचा विचार. सर्वांत मोठा उपाय सर्वांत स्वस्त आहे: दिवेलागणीच्या सुमारास मांजरास घरात घ्यावे आणि उजाडल्यावर सोडावे. मांजर ऐकत नाही, अशी तक्रार यावर येते. मांजर आज्ञा ऐकत नाही हे खरे. वेळ मात्र ते उत्तम ऐकते. त्याचे मुख्य जेवण सकाळी वाढले, तर रात्री ते शिकारीस जाणारच. तेच जेवण रोज सायंकाळी, एकाच वेळी, एकाच जागी, घराच्या आत वाढावे आणि वाढताना ताटली वाजवावी. पंधरा-वीस दिवसांत ताटलीच्या आवाजासरशी मांजर उंबरठ्यावर हजर होते. मग दार लावून घ्यावे. पहिल्या काही रात्री ते दाराशी ओरडेल. त्या ओरडण्यास दया येऊन दार उघडले की सर्व शिकवणूक वाया जाते, कारण ओरडले की दार उघडते हा धडा मांजर एका रात्रीत शिकते. घरात एका कोपऱ्यात मातीचे किंवा राखेचे पसरट टोपले ठेवले म्हणजे घाणीचा प्रश्न मिटतो. आणि रात्री घरात राहिलेले मांजर धान्याच्या पोत्यांभोवतीच फिरणार. ज्या कामासाठी ते पाळले ते काम मग शेताच्या बांधावर न होता घरात होते.

रात्रीची जागल हा शेतकऱ्याचा जुना धर्म आहे. रोही व रानडुकरे हरभऱ्याची नासाडी करतात, म्हणून माणूस शेतात खोपी घालून राहतो आणि घरचे मांजर त्याच्या मागे जाते. शेकोटीची ऊब आणि भाकरीचा तुकडा यांचा मोह त्यास आवरत नाही. उभ्या तुरीच्या पिकात कोणते जनावर दबून बसले आहे, हे माणसालाही दिसत नाही. म्हणून जागलीस निघताना मांजर घरात कोंडूनच निघावे.

ज्यांच्याकडे मांजर गोठ्यातच राहते त्यांनी गोठ्याची जाळी व दार नीट पाहावे. बिबट्या शिरणार नाही असा गोठा मांजरासही पुरतो, आणि शेळ्यांसाठी तो तसा बांधावाच लागतो. घराभोवतीची घाणेरी व बेशरमाची झुडपे तोडावीत, म्हणजे दबा धरण्यास आडोसा राहत नाही. कोंबड्यांची पिसे, मांसाचे तुकडे, मेलेली जनावरे उकिरड्यावर टाकू नयेत. त्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. मांजराची ताटली अंगणात भरून ठेवण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. ती रात्री मांजरापेक्षा इतरांनाच अधिक बोलावते. दिवसा कुत्र्यांपासून बचाव व्हावा म्हणून झाड नसलेल्या अंगणात सुतळी घट्ट गुंडाळलेला एक उंच खांब रोवावा आणि वर टेकण्यापुरती फळी ठोकावी.

गळ्यात घंटा बांधावी काय, असे कोणी विचारतात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा ठराव उंदरांच्या सभेत झाला होता हे प्रसिद्धच आहे, आणि तो उंदरांच्या हिताचा होता. घंटेने चिमण्या व सातभाई सावध होतात, हा तिचा खरा उपयोग. बिबट्यास तिची भीती वाटत नाही. घट्ट पट्टा मात्र बोरी-बाभळीच्या फांदीत अडकून मांजरास फास लागू शकतो.

मांजर गेल्याच्या संतापात काही जण मेलेल्या जनावरावर विष टाकतात किंवा तारेचे फासे लावतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. व्यवहारानेही तो मूर्खपणाच होय. कारण ते विष कोल्हा, घार, गावचे कुत्रे आणि शेजाऱ्याचे मांजर यांत भेद करीत नाही. उंदरांसाठी घरात ठेवलेले विषही तसेच. विष खाऊन झिंगलेला उंदीर पकडण्यास सोपा असतो, म्हणून मांजर तोच आधी पकडते. बिबट्या वस्तीत येऊ लागला तर वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. महाराष्ट्रात बिबट्यांची संख्या २०२२ च्या गणनेत १,९८५ इतकी अंदाजिली गेली आहे. म्हणजे हा शेजार लवकर संपणारा नाही.

रानातील जनावराशी झुंजून परतलेल्या मांजराविषयी विशेष सावधगिरी हवी. कोल्हा, मुंगूस, कुत्रा यांच्या चाव्यातून पिसाळण्याचा रोग मांजरास होतो आणि मांजराच्या चाव्यातून तो माणसास होतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर जवळजवळ उपाय उरत नाही. अशा मांजरास उघड्या हातांनी कुरवाळू नये. त्यास जाड पोत्यात धरून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. माणसास चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस घ्यावी. मांजरास आधीच लस टोचून घेतलेली असेल तर काळजी पुष्कळ कमी होते. त्याच खेपेस नर-मादीची शस्त्रक्रिया करून घेतल्यास त्यांचे दूरवर भटकणेही कमी होते.

राहता राहिली पिले. मांजरी आपली पिले सात घरी फिरवते असे म्हणतात आणि तिच्या चंचलपणाबद्दल तिला हसतात. खरे पाहता हा चंचलपणा नव्हे. एका जागी राहिल्याने पिलांचा वास साचतो, वासावर मुंगूस येते. म्हणून ती मानेला धरून एकेक पिलू नव्या जागी नेते. पऱ्हाटीचा ढीग किंवा कडब्याची गंजी तिला पसंत पडते, परंतु तेथेच मुंगसाचेही घर असते. विण्याचे दिवस जवळ आले की घरातील अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात एखादे जुने डालगे जुनेर अंथरून ठेवावे आणि तिला ते आपण होऊन सापडू द्यावे. उचलून त्यात बसविले तर ती मुद्दाम दुसरीकडे जाते. पिलांचे डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती डालग्याबाहेर पडू लागतात, आणि आपल्या बळावर भिंत चढण्यास त्यांना आणखी महिनाभर तरी लागतो. तोवर संध्याकाळी डालगे मोजून पाहण्याचे काम घरातील मुलांकडे द्यावे.